शाल्मलीचे नियम

“बाबा, तुमची लाडकी कोण? मी की शाल्मलीताई?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून ऊर्मीनं हे सर्जापूर रोडवरच्या बाबांच्या ऑफिसात, सगळ्यांदेखत विचारलं. बाबा नुसते हसले आणि हाताखालच्या नव्या शाल्मलीचं कौतुक करत सुटले. काचेआड यंत्राचा हात कंप्यूटरमधल्या माहितीच्या बॅकअपच्या टेपा उचलत होता. बारकोड वाचून कुठली टेप कुठल्या गटात टाकायची, याचे नियम म्हणे शाल्मलीनं लिहिले होते. वरून खाली जाताना जो नियम आधी जुळेल, तोच यंत्र लावतं. घरी जेवतानाही हेच पुराण! ऊर्मीचा नुसता जळफळाट झाला. ती स्क्रीनला नाक लावून चुका शोधू लागली.

“ताई, बारकोड ‘सीएल’नं सुरू झाला तर क्लायंटची टेप, आणि त्याखाली ‘सीएलएन’नं सुरू झाला तर यंत्राच्या सफाईची टेप? मग सफाईची टेप वरच्याच नियमात अडकणार की!”

शाल्मलीनं जीभ चावली आणि झटकन ओळी खालीवर केल्या.

“वा शाल्मली, किती पटकन सुधारलंस!” बाबा म्हणाले.

घरी येताच ऊर्मीनं चपला भिरकावल्या. “आई, बाबा, ऐका. सुट्टीत मी नाचाच्या क्लासला जाणार नाही. रोज ऑफिसात येणार, शाल्मलीताईच्या शेजारी बसणार आणि तिच्याहून भारी नियम लिहिणार. सरी? चालेल ना?”