विसाव्यावरचा काळा आर्म

मित्रांनो, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात वायेसितो नावाच्या गावाकडे एक कच्चा रस्ता जातो. पाटाच्या दारांपाशी तो वळतो, आणि त्या वळणावर एक काळा लोखंडी क्रूस उभा आहे. जिथे माणसाचा शेवटचा श्वास गेला, तिथे इथले लोक क्रूस रोवतात आणि त्या जागेला विसावा म्हणतात. या क्रुसाचा वरचा, आडवा भाग म्हणजे मी. मी एका पिकअप गाडीचा जुना अप्पर आर्म आहे. नाव ऐकून काही कळले नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. गाडी चालवणाऱ्यांनाही आम्ही मोडेपर्यंत ठाऊक नसतो.

मी मूळचा बेचकीच्या आकाराचा. बेचकीची दोन टोके रबरी बुशांत, म्हणजे धक्के गिळणाऱ्या रबराच्या नळकांड्यांत, बसवून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. तिसऱ्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारा पोलादी गोळा, आणि त्याला चाक धरलेले. चाक खड्ड्यात गेले की मी झुकायचे, दगडावर चढले की मी उठायचे, पण चाक वाकडे होऊ द्यायचे नाही. डावीकडे मी आणि उजवीकडे माझा जुळा भाऊ.

आम्ही त्या गाडीचे जन्मापासूनचे नव्हतो. गाडीचा मालक ओनोफ्रे आर्चुलेता हा गावचा पाटकरी. बर्फ वितळले की रस्त्याचा चिखल होई आणि गाडीचे पोट जमिनीला घासे. म्हणून त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटे उंच केली, पण आर्म जुनेच ठेवले. ते आता तिरपे पडले. चाक खाली लोंबकळले की स्प्रिंगवर आपटत. टायर आतल्या अंगाने झिजू लागले आणि स्टिअरिंग एकीकडे ओढू लागले.

"उंच घोडा घेतलास आणि रिकिबी शिंगराच्याच ठेवल्यास," सेलेदोन म्हणाला. हा ओनोफ्रेचा चुलतभाऊ, गावातला मेकॅनिक. त्याने दोन जोड मागवले आणि बॉनेटवर शेजारी शेजारी मांडले. एक जोड लालभडक. त्यात रबर औषधालाही नव्हते, सगळे पोलादावर पोलाद. दुसरा जोड आमचा, काळा आणि साधा, रबरी बुशांचा.

ओनोफ्रेचा हात आधी लालकडेच गेला. हे मी विसरलेलो नाही.

"लाल घे, प्रिमो," सेलेदोन म्हणाला. इथे चुलतभावाला प्रिमो म्हणतात. "कसल्याही खडकावर चढव, कुरकुर करणार नाही. आणि चर्चबाहेर गाडी उभी केलीस की माणसं वाकून वाकून बघतील."

"वाकायचं कशाला? गाडी एवढी उंच केलीय याने, उभ्याउभ्याच दिसेल सगळं," गाडीतून आवाज आला.

ती एलोइदा, ओनोफ्रेची बायको. उघड्या दारातून पाय सोडून ती सीटवर बसली होती, आणि तिचा डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला होता. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी एस्पान्योला शहरात न्यावे लागे. सुया त्याच हातात टोचत, आणि परतताना रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या हातात ठणके.

"सेलेदोन, मला एवढंच सांग," ती म्हणाली. "यातला कुठला मला जाणवेल?"

सेलेदोनने टोपी काढून डोके खाजवले. "खरं सांगू, वहिनी? लाल जोड प्रत्येक खड्याची बातमी सीटपर्यंत आणणार. काळा रबरात गिळून टाकतो. पण त्याचे लाड फार. आपल्या धुळीत वरचेवर ग्रीस द्यावं लागेल. विसरलात की रडायला लागतो."

"लाडावलेलं सांभाळायची सवय आहे मला," एलोइदा नवऱ्याकडे बघत म्हणाली. "पण म्हाताऱ्या, तू लालच घे. जन्मभर तुला काहीतरी लाल हवं होतं. माझं येणं-जाणं असं किती दिवस चालणार?"

ओनोफ्रेने हातातला लाल आर्म उलटसुलट करून पाहिला आणि खोक्यात परत ठेवला.

"काळे बसव," तो म्हणाला. "लाल रंग मला शोभत नाही."

मित्रांनो, माझी निवड अशी झाली. रूप पाहून कुणी मला घेतले नाही. एका दुखऱ्या हातासाठी घेतले. लोखंडाच्या नशिबात याहून मोठा मान नसतो असे मला आजही वाटते.

मग आमची चाकरी सुरू झाली. जाताना गाडीत बडबड असे, येताना एलोइदा थकून डोळे मिटून बसे. तेव्हा मी आणि माझा भाऊ जिवापाड काम करत असू. ओढ्यातले गोटे, उन्हाने तडकलेल्या चाकोऱ्या, सगळे आम्ही वरच्या वर गिळत असू. ती झोपलेली घरी पोचली की आम्हाला बरे वाटे.

शनिवारी संध्याकाळी ओनोफ्रे ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरे. एलोइदा मडगार्डला कंबरेने धक्का देई आणि कान देऊन ऐके.

"डावा अजून कुरकुरतोय."

"तुझे कान आहेत की काय आहे?"

"तीस-चाळीस वर्षं तुझं घोरणं ऐकून तयार झालेत. भर अजून."

तो दाबत राही. जुने काळे ग्रीस माझ्या बॉल जॉइंटवरच्या रबरी टोपीच्या काठातून बाहेर येई. जास्त भरले तर टोपी फुटते, म्हणून ती नेमके वेळेवर सांगे, "पुरे." मग तो फडक्याने मला पुसे. ते दिवस फार सुखाचे होते.

मार्चमध्ये पाट साफ करायचा दिवस आला. त्या दिवशी घरटी एक माणूस फावडे घेऊन येतो आणि पाटकरी प्रत्येकाला त्याचा तुकडा आखून देतो. तो दिवस शनिवार होता, डायलिसिसचा.

"आधी तुला सोडून येतो," ओनोफ्रे म्हणाला.

"आणि गाव तिकडे फावडी टेकवून उभं राहील? पाटकऱ्याशिवाय कुणी पहिली माती काढतं का? पाणी वर्षातून एकदाच सुटतं, म्हाताऱ्या. मशीन तिथंच आहे. मंगळवारी जाऊ."

"मेरलिंदाला बोलावतो." मेरलिंदा ही त्यांची मुलगी, आल्बुकर्कीला राहणारी.

"एका दिवसासाठी पोरीला कशाला पळवतोस?"

ओनोफ्रे क्षणभर दारात घुटमळला. मग त्याने फावडे गाडीत टाकले. मित्रांनो, त्याला दोष देऊ नका. त्या खोऱ्यातल्या कोणत्याही पाटकऱ्याने तेच केले असते.

रविवारी पाणी सुटले. सोमवारी सकाळी एलोइदाचे पाय सुजले होते आणि तिला धाप लागली होती. ओनोफ्रेने तिला उचलून गाडीत बसवले. वेगाने न्यावे तर तिला हिसके बसत, हळू न्यावे तर वेळ हातचा जाई. आमच्या रबरात जेवढे बळ होते तेवढे आम्ही लावले. एकही दगड मी वर पोचू दिला नाही. पण जे तिच्या छातीत साठले होते ते गिळणे माझ्या हाती नव्हते.

पाटाच्या दारांपाशी तिने त्याच्या बाहीला धरले. "थांब. काच खाली कर."

त्याने गाडी थांबवून काच खाली केली. पाणी दारांतून खळखळत होते.

"वाजतंय," ती म्हणाली. "छान साफ केलात."

ती ऐकत राहिली. ओनोफ्रेही ऐकत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिले तेव्हा ऐकणारा तो एकटाच उरला होता.

त्यानंतर ग्रीसगन खिळ्यावरून खाली आली नाही. माझी टोपी सुकली, तडकली, आत धूळ गेली. गाडी हलली की मी किरकिरू लागलो.

"प्रिमो, तुझी गाडी रडतेय. गावभर ऐकू येतंय," सेलेदोन म्हणाला.

"रडू दे," ओनोफ्रे म्हणाला. "मला तर जमत नाही."

शरद ऋतूत मेरलिंदा आली. गाडी थोडी चालवून तिने ती कडेला घेतली. "बाबा, स्टिअरिंग एवढं थरथरतंय आणि तुम्ही यात डोंगर उतरता? आईमागोमाग तुम्हालाही घालवू का मी?" तिने किल्ली काढून सेलेदोनच्या हातात दिली.

"कुठले बसवू?" सेलेदोनने विचारले.

"कुठलेही," ओनोफ्रे म्हणाला. "आता जाणवायचंय कुणाला?"

सेलेदोनने लाल जोड बसवला. मला मत्सर वाटला असेल असे तुम्हाला वाटेल, पण तसे नव्हते. मला ओनोफ्रेची दया आली. जन्मभर हवे होते ते मिळाले, आणि त्याने वाकूनही पाहिले नाही.

आम्ही भाऊ शेडमागच्या भंगारात पडलो. हिवाळाभर बर्फाखाली गंजत राहिलो. त्याच हिवाळ्यात रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने वळणावर एलोइदासाठी रोवलेला लाकडी क्रूस मोडला. ओनोफ्रे ते तुकडे घेऊन सेलेदोनकडे आला. सेलेदोन लोखंडी नळ्या शोधू लागला, तर ओनोफ्रे भंगाराकडे गेला आणि त्याने आम्हाला बर्फातून ओढून काढले.

"यांचा कर."

"झिजलेत रे ते, प्रिमो."

"तिच्यासाठी आणले होते."

सेलेदोनने माझा बॉल जॉइंट ओल्या फडक्यात गुंडाळला, माझे दोन्ही पाय तापवून दोन बाजूंना सरळ पसरवले आणि मला भावाच्या माथ्यावर जोडले. भावाचे पाय सिमेंटमध्ये गाडले. बॉल जॉइंटवर त्याने नवी टोपी बसवली. का, ते त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही.

आता मला चाक नाही आणि खड्डेही नाहीत. तरी शनिवारी संध्याकाळी लाल आर्मची ती गाडी खडखडत येऊन थांबते आणि ओनोफ्रे ग्रीसगन घेऊन उतरतो. एकदा मेरलिंदा सोबत होती.

"बाबा, तो आता हलत नाही. ग्रीस कशाला?"

"वेळेवर द्यायचं राहिलं होतं," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कुरकुरत असेल, वस्तू असो वा माणूस, तर त्याला मंगळवारचा वायदा देऊ नका. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे.

ओनोफ्रे हळूहळू दाबत राहतो. जुने काळे ग्रीस टोपीच्या काठाशी येते. तो हात थांबवतो आणि पाटाच्या पाण्याकडे कान देऊन उभा राहतो. सांगणारे कुणी नसते. मग तोच हलक्या आवाजात म्हणतो, "पुरे," आणि फडक्याने मला पुसतो.