चार बोटं

डाग जात नव्हता. धोतराच्या सोग्यानं पुसला, मग मलमलीच्या मऊ तुकड्यानं, मग तोंडाची वाफ देऊन पुन्हा एकदा... कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवलेली ती नखाएवढी काच, जिच्यात सगळं जग उजव्याचं डावं होऊन उतरतं, अंगठ्याखाली लख्ख झाल्याचं त्याला कळत होतं. पण तिच्यात वाकून पाहिलं की अंगणातलं पेरूचं झाड मधोमध नाहीसं झालेलं, आणि त्या जागी ओल्या राखेच्या रंगाचा एक ठिपका. बुरशी असेल. बेळगावच्या पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते, लोणच्याला येते, मग भिंगाला का येऊ नये? त्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळालाही बुरशी धरली होती.

"सात वाजून गेले," राजमती आतून म्हणाली. "रवळूचा टांगा येईल आता."

त्यानं वेळ विचारली नव्हती. हल्ली ती न विचारताच सांगते — वेळ, दारात कोण आलंय, पायरी ओली आहे. बायका पन्नाशीकडे झुकल्या की बडबड्या होतात, असं धरणेंद्रनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते ठरवून टाकल्यामुळे त्याला बरं वाटत होतं. निपाणीहून मुलीचं, चंदनाचं, पत्र आलं की तो पाकीट बायकोपुढे करायचा. "तूच वाच, तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." हेही खोटं नव्हतं. फक्त एवढंच खरं होतं असंही नाही.

सांगायला हवं. मी आज सांगणार आहे, तळ्यावरून परत आल्यावर, जेवण झाल्यावर... असं त्यानं गणपतीपासून किती रविवार ठरवलं असेल? गणपतीत तो फिल्मचा रोल बघतो म्हणून मिरजेला गेला होता. लढाईमुळे फिल्म सहजासहजी मिळत नव्हती, त्यामुळे निमित्त सोयीचं होतं. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यात उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. डोळ्यामागचा पडदा मधोमध विरलाय, म्हणाला, जुनं लुगडं विरतं तसा. याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. अजून पसरेल का? ते सांगता येत नाही. पुढच्या खेपेला घरचं माणूस घेऊन या. आणि चाळीस पोरांना चित्रकला शिकवणारा, फळ्यावर एका हातानं कंपासशिवाय वर्तुळ काढणारा ड्रॉइंग मास्तर स्टेशनवर एका बाकावर बसून राहिला होता, दोन गाड्या सोडून देत. घरी येऊन म्हणाला, फिल्म मिळाली नाही.

टांग्यात बसताना रवळूनं विचारलं, "मास्तर, आज पाखरं का इमानं?"

"पाखरं," राजमती म्हणाली. "इमानाचं नाव काढू नकोस बाबा. बोर्ड लावल्यात तिकडं."

"व्हय की. परवा एकाला कॅमेऱ्यासकट धरून नेलं म्हणं. तीन दिस बसवून ठेवलतं."

धरणेंद्रनं कॅमेरा मांडीवर ओढून घेतला. सांबऱ्याच्या माळावर विमानतळ झाल्यापासून त्या बाजूला कॅमेरा रोखायला बंदी होती. त्यानं राजमतीला शब्दही दिला होता. पण तिला कसं सांगायचं की पाखरं आता त्याच्या हातून सुटत चालली होती? पंधरा वर्षं त्यानं पाखरांचाच पाठलाग केला होता. खानापूरचा भावकू शिकारी त्याला पहिल्यांदा रानात घेऊन गेला तेव्हा हसला होता — "तुमी जैन लोक, तुमाला बंदूक चालत न्हाय, म्हणून हे खेळणं." आणि मग पाणवठ्यावर गवा आला, एवढा थोरला, ओल्या नाकपुडीचा, आणि कॅमेऱ्याची खट् झाली तरी तो पाणी पीतच राहिला, पोटभर पिऊन वळून निघून गेला. भावकूनं तेव्हा खांद्यावरची बंदूक खाली का घेतली ते तो कधी बोलला नाही. ती खट्! काही न मारता काही मिळवल्याची. पण आता बगळा काचेत आणला की बगळा ठिपक्यात जातो. फक्त पाणी उरतं. विमान मात्र... विमानाचं धड ठिपक्यात बुडालं तरी दोन्ही बाजूंनी पंख बाहेर उरतात. आभाळात एवढी एकच गोष्ट राहिली होती जी ठिपक्याला पुरी झाकता येत नव्हती.

रवळूनं टांगा चिंचेखाली सोडला आणि ती दोघं बांधावरून तळ्याकडे गेली. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन. भाताची कापणी झालेली, मोकळ्या शेतांना वाळल्या पेंढ्याचा वास. त्यानं कॅमेरा उघडला, भिंगामागचा काळा, घड्यांचा भाता पुढे ओढला. राजमती नेहमीसारखी उजव्या हाताला, छत्री धरून.

"करकोचे हाईत," ती हळूच म्हणाली. "चौदा-पंधरा. पलीकडच्या काठाला."

"दिसतायत मला."

"व्हय. जरा... अलीकडं घ्या की. ऊन येतंय काचेवर."

ऊन पाठीमागून येत होतं. पाठीवर ते त्याला कळत होतं. तरीही त्यानं कॅमेरा अलीकडे घेतला, आणि का घेतला हे स्वतःला विचारलं नाही. खट्. काय आलं असेल? पूर्वी खट् होण्याआधी चित्र डोळ्यात उमटलेलं असायचं. आता खट् नंतर आत एक पोकळी राहायची, देवळात घंटा वाजवून आत पाहावं आणि गाभारा रिकामा असावा तशी.

तेवढ्यात तो आवाज आला. आधी पायांखालच्या जमिनीत, मग छातीत. करकोचे उठले, पंखांची एकच फडफड डोक्यावरून गेली, आणि त्यांच्या मागून, माळाच्या अंगानं, ते आलं — खाली, इतकं खाली की वाऱ्यानं राजमतीची छत्री उलटी झाली. तो वळला. दिलेला शब्द, बोर्ड, तीन दिवस बसवून ठेवलेला तो कोण एक माणूस, काहीही मनात उरलं नाही. काचेत दोन पंख होते. डावा आणि उजवा, करकरीत, कडा उन्हात पेटलेल्या, आणि मधला ठिपका जणू त्यांनीच उचलून नेला होता. "अवो, नको!" राजमती ओरडली. खट्.

दिसतंय, त्याला वाटलं, दिसतंय मला! आणि तो हसत उभा राहिला, विमान माळावर उतरून आवाज थांबला तरी. म्हणूनच त्याला बांधावरून येणारी पावलं उशिरा ऐकू आली. समोर कुणीतरी उंच येऊन उभं राहिलं. माणसाच्या आकाराचं, वर जिथे तोंड असतं तिथे राख.

"काय रं रवळू," तो खुशीत म्हणाला, "घोडं बुजलं न्हाय न्हवं?"

राजमतीनं श्वास आत ओढल्याचं त्यानं ऐकलं.

"चेष्टा करतोस व्हय रं?" आवाज अनोळखी होता, साताऱ्याकडचा. "तो कॅमेरा हिकडं दे. आन् चल चौकीवर."

शिपाई. खाकी कपडे, खांद्याला बंदूक असणार. धरणेंद्रचे हात कॅमेऱ्याभोवती घट्ट झाले. चौकी, नाव, गाव, धंदा. शाळेला कळवलं जाईल. हेडमास्तर बोलावतील, कागद पुढे करतील, वाचा म्हणतील...

"दादा, थांबा," राजमती मध्ये येऊन म्हणाली. "त्यास्नी दिसत न्हाय."

तळ्याचं पाणी काठाला लागत होतं.

"वरीस झालं," ती म्हणत होती, आणि तिचा आवाज जराही कापत नव्हता. "डोळं गेल्यात. तुमाला टांगेवाला समजून हाक मारली, ऐकलासा न्हवं? हे डबडं हातात धरलं की त्यास्नी बरं वाटतंय, म्हणून मी घेऊन येतो रविवारचं. आंधळ्या माणसाला इमान काय आन् घार काय?"

आंधळ्या. तो शब्द त्यानं स्वतःशीही कधी उच्चारला नव्हता. आणि ती तो असा बोलून गेली, बाजारात भाजीचं नाव घ्यावं तसा... पण आश्चर्य म्हणजे त्याला जास्त लागलं ते 'डबडं'. पंधरा वर्षांत तिनं कॅमेऱ्याला डबडं म्हटलं नव्हतं.

"असं?" शिपाई म्हणाला. "ओ पावणं, का कोन तुमी. हे बघा हिकडं. किती बोटं हाईत?"

त्यानं पाहिलं. सरळ, आवाजाच्या दिशेनं. राख. शरमेनं त्याची नजर बाजूला वळली, बांधावरच्या झुडपाकडे — आणि नजरेच्या कडेला, वरच्या अंगाला, हात उगवला. स्वच्छ. अंगठा तळव्यात दुमडलेला, चार बोटं, तिसऱ्यात तांब्याचं वळं. कित्येक महिन्यांत त्यानं कुणाचा हात इतका स्पष्ट पाहिला नव्हता. सरळ बघितलं की जातं, बाजूला बघितलं की येतं! हे मला कुणी सांगितलं नाही, डॉक्टरनंही नाही... 'चार' जिभेवर तयार होतं. वर्गात उत्तर येणाऱ्या पोराच्या जिभेवर असतं तसं, उतावीळ. चार म्हटलं की या जगात निदान एका माणसापुढे तो डोळस ठरणार होता.

आणि राजमती खोटी. नजरेच्या त्याच कडेला, हाताच्या जरा पलीकडे, ती दिसत होती. पदराचं टोक मुठीत आवळून उभी. मुठीची हाडं पांढरी झालेली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. परक्या पुरुषाशी मान वर करून बोलताना त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं.

"दिसत नाही," धरणेंद्र म्हणाला. ते फळ्यापुढच्या आवाजात आलं, शुद्ध, कोरडं. मग त्याला कळलं, ते पुरेसं नाही; आणि तो पुन्हा म्हणाला, हळू, "मला दिसत न्हाय वो."

दुसऱ्यांदा म्हणताना ते खोटं राहिलं नाही.

शिपायानं हात खाली घेतला. "मग बाईमाणसाला उन्हातान्हात कशाला हिंडवताय," तो पुटपुटला. कॅमेरा उघडून त्यानं रोल ओढून काढला. त्या चकचकीत पट्टीवर ऊन पडताना धरणेंद्रनं ऐकलं — ऊन ऐकू येतं का? — करकोचे गेले, पंख गेले. मग मोकळा कॅमेरा शिपायानं परत दिला. त्याच्या हातात नाही, राजमतीच्या.

दोघं बांधावरून परत निघाली. एरवी ती चार पावलं मागे असायची. आज पुढे होती.

"दगड हाय," ती म्हणाली. छत्री नाही, ऊन नाही, कसलं निमित्त नाही. नुसतं, दगड हाय.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"गुंजीपासून."

गुंजी. स्टेशनामागच्या उंबरावर धनेश बसला होता, तो मोठ्या चोचीचा. तो फोटो आता शाळेच्या ऑफिसात काचेत होता, खाली त्याचं नाव, त्याच्याच वळणदार अक्षरात. खट् करताना तिनं त्याचं कोपर ढकललं होतं आणि तो केवढा चिडला होता तिच्यावर...

"डास बसला होता म्हणालीस."

"डास नव्हता," ती म्हणाली.

तो चालत राहिला. त्याला वाटलं होतं, राग येईल. राग शोधलाही त्यानं, खिशात किल्ली शोधावी तसा. मग तो फोटो कोणाचा? तळ्यावरचे बगळे, काकतीच्या डोंगरावरचं धुकं, चंदनानं पत्रात कौतुक केलेली ती सगळी चित्रं... वर्षभर ती छत्री धरून शेजारी उभी होती आणि जग उचलून उचलून त्याच्या काचेत ठेवत होती, आणि त्याबद्दल तिला मिळालं काय, तर 'मध्ये मध्ये करू नकोस.'

"बोटं चार होती," तो म्हणाला.

"कसली?"

"शिपायाची. चार. एकात वळं होतं."

ती थांबली. "मग सांगितलं का न्हाई?"

"तू दिसत न्हाय म्हणालीस की."

तिच्याकडे पाहिलं तर ती जाईल, हे आता त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं तोंड पलीकडच्या शेताकडे केलं, आणि ती आली. पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, तेवढं मात्र कडेनं कळत नव्हतं.

"मिरजेच्या डॉक्टरनं घरचं माणूस घेऊन या म्हटलंय," तो शेताला म्हणाला.

"मिरजेचा डॉक्टर?" ती म्हणाली. मग पदर खोचल्याचा आवाज. "बुधवारी जाऊ. रजा टाका."

"उपयोग न्हाय म्हणाला तो."

"जाऊ तरी."

टांगा चालू लागला तेव्हा दोघांच्या मध्ये कॅमेरा होता, रिकामा, भाता मिटलेला. सोमवारी शाळा होती, फळा होता, हेडमास्तरांना काय सांगायचं हे ठरायचं होतं, आणि बुधवारनंतर काय, ते तर कुणालाच सांगता येणार नव्हतं. तो ते सगळं एकामागून एक मनात घेऊन पाहत होता आणि काही केल्या त्याची भीती पुरती जुळून येत नव्हती.

"त्या खळ्यावर एक बाई हाय," राजमती अचानक म्हणाली. "भाताच्या गंजीवर उभी."

त्यानं असला फोटो कधी काढला नसता. पाखरू नाही, जनावर नाही, गंजीवरची कुणी बाई.

"खालनं तिला पेंढ्या फेकायला लागल्यात," ती सांगत होती, सावकाश, शब्द हुडकत. पूर्वी कधी तिचं असं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. "लुगडं गुडघ्यावर खोचलंय. एक बी खाली पडू देईना."

टांगा वळणावर आला. आता ती बाई मागे पडणार, असं त्याच्या ध्यानात आलं आणि तो जागचा पुढे सरकला.

"आणि?" तो म्हणाला.