वळणावरचे आबा

कोंडिबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे इतके वाकले की टोपीचं टोक काचेला टेकलं.

"आरं, ह्यो तर मीच की!"

"तुमीच, आबा," दयानंद म्हणाला. माऊस त्याने उगाचच घट्ट धरला होता.

"अगं, बघ की. टोपी बघ. काठी बी घेतलीया पोरानं."

कोंडिबांच्या बायको, फुलाबाई, दारातच उभ्या होत्या. सोनलने, दयानंदच्या बायकोने, त्यांना दोनदा आत बोलावलं, खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. "दिसतंय हितनं," एवढंच म्हणाल्या.

रविवारचे नऊ वाजले होते. दयानंदच्या डोक्यात मात्र बाराचा ठोका होता. बारा वाजता मतदान बंद होणार होतं. गाड्यांच्या शर्यतीच्या एका कॉम्प्युटर गेमसाठी घरबसल्या रस्ते बनवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मोठा गट होता. देशोदेशीचे लोक त्यात होते. दर महिन्याला ते एक ट्रॅक निवडत, आणि या महिन्यात शेवटच्या पाचांत भरे गावाचा रस्ता होता. त्या पाचांतही सकाळपासून तो पहिला होता. ब्राझीलचा एक गडी एकोणीस मतांनी मागे होता.

सहा वर्षं दयानंद हा उद्योग करत होता. पिरंगुटच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजायचे आणि घरी येऊन आपले रस्ते बनवायचे. भाऊबंद म्हणायचे, "चाळिशीला आला, तरी गाडी-गाडी खेळतोय." त्याने इटलीतले डोंगर बनवले, जपानचे घाट बनवले. कधी न पाहिलेले रस्ते, दुसऱ्यांचे फोटो बघून केलेले. चाळीस-पन्नास लोक ते उतरवून घ्यायचे आणि विसरून जायचे. शेवटी त्याला वाटलं, आपल्या दारातला रस्ता काय वाईट आहे? भऱ्यातून वरच्या वाडीला जाणारा, चार किलोमीटरचा, बावीस वळणांचा.

कंपनीतला तीस मीटरचा टेप घेऊन तो निघाला. टेपचं एक टोक धरायला माणूस हवा होता. वाडीतले कोंडिबा पूर्वी दयानंदच्या वडिलांच्या शेतावर रोजाने यायचे. आता हातापायांनी काम होत नव्हतं, म्हणून सतराव्या वळणावर, ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यापाशी बसून असायचे. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या सुसाट येत. समोरून दुसरी गाडी येताना दिसली की आबा हात वर करायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, पगार तर नव्हताच. अकरा रविवार त्यांनी टेपचं टोक धरलं. दयानंद "आबा, ताणून धरा" म्हणाला की म्हणायचे, "तू तुजं बघ. माझ्या हातनं सुटायचं न्हाई."

मग त्यांना ट्रॅकमध्ये घ्यायला नको? घेतलं. त्याच वळणावर, काठीसकट, हात वर केलेले. इथवर सगळं साजरं होतं. पण माणूस त्याने ज्या यादीतून उचलला, ती रस्त्यावरच्या सुट्या वस्तूंची यादी होती. पिंपं, खोकी, प्लॅस्टिकचे शंकू. गाडी लागली की उडतील असे. ती चूक होती, खरीखुरी चूक. पोलंडच्या कुणा पोराने ताशी एकशे चाळीसने येऊन आबांना उडवलं. आबा काठीसकट ओढ्यापलीकडे आंब्याच्या झाडात अडकले, आणि ती चित्रफीत तीस हजार लोकांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यावर स्पर्धा सुरू झाली. आबांना सगळ्यात लांब कोण उडवतो! मीटरमध्ये आकडे लागले, हसण्याची चित्रं पडली, आणि सहा वर्षांत जितक्या लोकांनी दयानंदचं नाव वाचलं नव्हतं, तितक्यांनी एका आठवड्यात वाचलं. 'सुटी वस्तू' ही एक खूण काढली असती तर आबा दगडासारखे जागेवर राहिले असते. काम अर्ध्या मिनिटाचं. त्याने ती काढली नाही. उलट कुणीतरी लिहिलं, 'म्हातारा जड आहे, अजून लांब जायला हवा,' तेव्हा, मतदान सुरू व्हायच्या आधी, दयानंदने दार लावून घेतलं आणि आबांचं वजन साठच्या जागी वीस केलं. तेव्हाही त्याला लाज वाटली होती. लाज वाटत असतानाच त्याने ते केलं होतं.

"गाडी जाताना दाव की," कोंडिबा म्हणाले. "माझ्याम्होरनं कशी जाती ती बघू."

दयानंदने एक लाल गाडी घेतली आणि निघाला. ताशी वीसने. या ट्रॅकवर इतक्या हळू आजवर कुणी गाडी चालवली नसेल. सतरावं वळण आलं, हात वर केलेले आबा आले, त्याने गाडी आणखी हळू केली आणि रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेने, जपून, पुढे काढली.

"समदी अशीच जात्यात?"

"व्हय, आबा."

दारातून बांगड्यांचा आवाज आला. फुलाबाईंनी पदर सारखा केला होता.

"ग्वाड झालंय रं," कोंडिबा म्हणाले. "पर मला लई कडंला बसवलंयस. पार डांबरावर. मी खरा बसतो कठड्याच्या आत. जरा आत सरकव मला."

"आत?"

"कुनी धडाकलं म्हंजे? पोरंसोरं असत्यात, त्येंचा काय भरवसा. त्या गाडीवाल्याच्या जिवाला किती लागंल, सांग. जल्मभर मनात ऱ्हाईल त्येच्या."

दयानंदच्या कानशिलांत ऊन लागल्यासारखं झालं. त्याने पडद्यावर आबांना माऊसने उचललं, कठड्यावरून आत नेलं आणि ठेवलं.

"अजून जरा. हां. बास. हितं कुनी येत न्हाई."

चहा झाला. जाताना कोंडिबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फुलाबाईंनी चहा घेतला नव्हता. कप तसाच साय धरून बसला होता. सोनल तो उचलत म्हणाली, "त्यांना बरं नाही का हो?"

"मला काय माहीत," दयानंद म्हणाला, आणि तिच्यावर उगाच खेकसल्याचं त्याचं त्यालाच कळलं.

पडद्यावर प्रश्न आला होता: बदल जतन करून नवीन ट्रॅक चढवायचा का? खाली बारीक अक्षरांत नियम होता. मतदान चालू असताना नवीन ट्रॅक चढवला, तर आधीची मतं शून्यावर येतील. त्याने घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. दोन तास तर आहेत, बारानंतर करू, कुठे पळून जातंय? मनातल्या मनात त्याने हे दोनदा म्हटलं आणि 'नाही' दाबलं. आबा परत डांबराच्या कडेला येऊन बसले.

बारा वाजता तो जिंकला. तेवीस मतांनी.

त्यानंतरही वेळ होता, खोटं कशाला बोला. पण फोन थांबेना. गटाचं काम बघणाऱ्यांपैकी पियूष नावाचा एक जण पुण्याचाच निघाला. त्याने मुलाखत ठरवली आणि वर बजावलं, "दादा, महिनाभर पहिल्या पानावर आहात. आता काही हलवू नका हां. लोक आजोबांसाठीच येतायत." दयानंद "बरं" म्हणाला. हे "बरं" तोंडातून किती सहज निघालं, याचं त्याला नंतर नवल वाटत राहिलं.

संध्याकाळी सहाला ग्रामपंचायतीच्या सभागृहात सत्कार होता. तो दादासाहेबांनी, म्हणजे माजी सरपंचांनी, निकालाच्या आधीच ठरवून टाकला होता. निवडणूक तोंडावर होती, आणि गावात कुणाचं काहीही चांगलं झालं तरी शाल-श्रीफळाशिवाय ते झालंसं वाटत नाही. बाहेर फ्लेक्स लागला होता. त्यावर गॉगल घातलेला दयानंद होता आणि त्याच्यापेक्षा मोठे दादासाहेब होते.

"ज्या भऱ्याचं नाव पुण्यातल्या मानसाला ठावं न्हाई," दादासाहेब माईकवर म्हणाले, "ते आज ब्राझीलमदी घेत्यात!" टाळ्या पडल्या. "आन् ज्यांचं चित्र आपल्या दयानं जगाला दावलं, ते कोंडिबा आबा हितं हायेत. माझ्या मनात आलं, शाल त्यांच्याच हातनं द्यावी. या, आबा."

दयानंदला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोंडिबा दोन पायऱ्या चढून वर आले. इस्त्रीची टोपी, धुवट सदरा. शालीची घडी त्यांना उलगडेना, तेव्हा दयानंदच पुढे वाकला. आबांनी शाल त्याच्या खांद्यांवर टाकली आणि ती सारखी करता करता, त्याच्या कानाशी, हळूच बोलले.

"सरकवलंस, लई बरं केलंस. आमच्या वाडीचा कैलास हाय न्हवं, हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो, त्येनं मागल्या हप्त्यात मोबाइलवर दावलं हुतं आमाला. झाडात अडाकलेलं."

दयानंदला मान वर करता येईना.

"ही दोन दीस जेवली न्हाई. म्हनली, जाऊन जाब इचारा त्येला. मी म्हनलं, इचारायचं काय त्यात? चुकून झालं आसंल पोराच्या हातनं. नुसतं सांगितलं की करंल."

पहिल्या रांगेत फुलाबाई बसल्या होत्या. सकाळी त्या बसल्या नव्हत्या. आता ताठ बसल्या होत्या आणि बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या.

"दोन शबूद बोला, दयानंदराव," असं म्हणत दादासाहेबांनी माईक त्याच्या तोंडापुढे आणला.

आभार मानायचे, दादासाहेबांचं नाव घ्यायचं, गावाचं नाव घ्यायचं. दुपारीच त्याने ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण समोर आबांचा चेहरा होता, वीतभर अंतरावर, आणि तो चेहरा खूश होता.

"अजून सरकवलं न्हाई, आबा," तो म्हणाला. त्याचा आवाज सभागृहाच्या चारही कर्ण्यांतून बाहेर पडला. "आन् चुकून बी झालं नव्हतं."

टाळ्या विरळ झाल्या. काय म्हणाला, काय सरकवलं नाही, असं मागे कुणीतरी कुणाला तरी विचारलं. दादासाहेब हसतमुखाने इकडेतिकडे बघत राहिले. फुलाबाईंनी हात मांडीवर ठेवले.

कोंडिबांचे हात शालीवर थांबले. मग शालीचं खांद्यावरून घसरलेलं टोक त्यांनी वर ओढलं, नीट बसवलं, दादासाहेबांच्या हातातला नारळ घेतला आणि त्याच्या पुढे केला.

"धर," ते म्हणाले. "मानसं बघत्यात."