भिंतीचं पोट

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते आणि आईबापांना टक्क्यांशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. अशा गावात वैजनाथ सरांनी एक खूळ काढलं. आठवीच्या पोरांनी दर रविवारी दगड-चिखलाची भिंत बांधायची! शिकवायला आणला तो गवंडी, खाजामियाँ. खूळच म्हणायचं, परीक्षेत त्याला अर्धा मार्कही नव्हता.

पैज सोपी होती. दोन फळ्या, मध्ये गोट्या. वरच्या फळीवर वीतभर भिंत उभी करायची आणि फळी वीस वेळा हिसकायची. ज्याची टिकली तो जिंकला. पहिली भिंत मात्र खाजामियाँच बांधायचे. दोन्ही अंगांना देखणे दगड, मधल्या पोटात दगडाच्या बारीक चिपा आणि माती. पाचव्या-सहाव्या हिसक्याला ती पोटातून फुगून फुटायची. पोरं खिदळायची. म्हातारा कधी हसला नाही.

आज शेवटचा रविवार होता. पालकांनी ओरड केली, म्हणून पुढच्या आठवड्यापासून या वेळेला चाचणी होती. खाजामियाँचा जीव त्यामुळेच टांगणीला लागला होता. पोरांत करिश्मा होती, किल्लारीकडच्या अर्जुनरावांची नात. अकरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात तिची आई चांगुणा घराच्या भिंतीखाली गेली, तेव्हा ही दोन वर्षांची होती. ती भिंत खाजामियाँनी बांधली होती, हौसेनं, दोन हात जाड. अर्जुनरावांनी खूश होऊन त्यांना फेटा बांधला होता. आता अर्जुनरावही गेले. आज सांगितलं नाही तर पोरीला ते कधीच कळणार नव्हतं.

करिश्मानं भिंतीत मधूनमधून लांब दगड आडवे घातले, या अंगापासून त्या अंगापर्यंत. वीस हिसके झाले. भिंत जागची हलली नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या.

"चाचा, हे आडव्या दगडाचं तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"भूकंपानंतर, बेटा. इंजिनीअर लोकांनी दाखवलं."

"मग आधी?"

खाजामियाँनी आपल्या फुटक्या भिंतीच्या ढिगाकडे बोट केलं. "हे असं. जाड केली की मजबूत, एवढंच ठाऊक होतं." त्यांनी ढिगातली एक चीप उचलली. "तुमच्या घराची बी मीच बांधली होती, बेटा."

करिश्मा हातावरचा वाळलेला चिखल खरवडत राहिली. मग हिशोबातली शंका विचारावी तसं तिनं विचारलं, "आमच्या भिंतीला असे किती दगड लागले असते?"

"धा-बारा. लई न्हाई."

"मिळत नव्हते का?"

खोटं बोलायला तिथं जागा होती. नव्हते मिळत, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते बिचारे.

"होते," ते म्हणाले. "लई लांब लांब होते. मीच फोडले. भिंतीचं तोंड सारखं दिसावं म्हणून."

करिश्मा खाली बसली आणि तिनं पुन्हा आपली फळी धरली. एकवीस, बावीस, तेवीस. सर "बास गं" म्हणाले, तरी ती दात-ओठ खाऊन हिसकतच राहिली. डोळ्यांतलं पाणी फळीवर पडत होतं, आणि भिंत काही केल्या पडत नव्हती.