बत्तीस सेकंदांची दिव्यदृष्टी

"निळ्यांचा गोल," महाराज डोळे मिटून म्हणाले, आणि सभागृहातली दोनअडीचशे माणसं श्वास रोखून मोठ्या पडद्याकडे बघू लागली. पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावरच घुटमळत होता. मग एक निळा खेळाडू सुटला, दोघांना चकवून आत शिरला आणि चेंडू जाळ्यात गेला. माणसं उभीच राहिली. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त कारकुनानं तर थेट लोटांगण घातलं.

"घडायचं ते आम्हांला आधी दिसतं," महाराज कानटोपी सारखी करत म्हणाले. "चेंडूचंही आणि लेकराच्या नशिबाचंही. चेंडू लहान, नशीब मोठं, फरक तेवढाच."

"ही दुसरी खूण," सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "आता एकच राहिली."

सुनेनं मांडीवरच्या चिमणीला आणखी जवळ ओढलं. चार वर्षांच्या चिमणीला फिट यायच्या. गेले सात महिने एकही आली नव्हती, कारण सकाळ-संध्याकाळच्या औषधाचा एकही डोस चुकला नव्हता. ती बाटली आता महाराजांपुढच्या टेबलावर होती. सासूबाईंनी स्वतःच पिशवीतून काढून दिली होती. तीन खुणा पटल्या की औषध मोरीत ओतायचं आणि पुढे फक्त महाराजांचं मंतरलेलं पाणी, असं ठरलं होतं. हे औषध एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते सांगून सांगून सुनेचा घसा बसला होता. नवरा परगावी. "आईचं मन मोडू नकोस, नुसती जाऊन तर ये," म्हणाला होता.

नुसती येऊन ती अडकली होती. दाराला आतून कडी, खिडक्या बंद, गुडघ्याला गुडघे भिडलेले, सासूबाईंच्या मुठीत तिचं मनगट. फोन दाराशीच एका गोणीत जमा झाले होते. लहरींनी समाधी भंगते म्हणे. घड्याळात पावणेसहा. सहाला चिमणीचा डोस.

पहिली फिट आली तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले होते, "घाबरायचं ते नंतर घाबरा. आधी सेकंद मोजा." तेव्हापासून भीती वाटली की ती मोजू लागायची. लिफ्ट अडकली तरी मोजायची. आजही मोजतच होती. भिंतीपलीकडे केस कापायचं दुकान होतं. मघाच्या गोलाआधी तिथून दबकी आरोळी आली, तशी तिनं एकपासून सुरुवात केली होती. सहा आकडे होताच महाराज बोलले. बत्तीसला पडद्यावर गोल झाला. त्याआधी लाल कार्डाची पहिली खूण पटली तेव्हाही आरोळीपासून बत्तीसच भरले होते.

दिव्यदृष्टी अशी घड्याळ लावून येते का?

तिला घर आठवलं. सामना असला की वरच्या मजल्यावरचे काका आधी ओरडायचे, त्यांच्याकडे टीव्हीची जुनी डिश. तिच्या मोबाइलवर तोच गोल सगळ्यात शेवटी. "घातली काकांनी माती," नवरा चिडायचा. काकांच्या पाया कुणी पडलं नव्हतं.

भिंतीपलीकडे पुन्हा गलका झाला.

"पेनल्टी मिळणार," महाराज म्हणाले. "जाळ्यात जाते की अडते, ते सांगणं ही तिसरी खूण."

पडद्यावर पंचांची शिट्टी वाजली तशी सून उठली. "कुठे?" सासूबाईंची मूठ आवळली.

"चिमणीला उलटी होतेय," सून मोठ्यानं म्हणाली.

भक्ती कितीही दाटलेली असो, उलटीला माणूस वाट देतो. मूठ सुटली, रांगा फाकल्या. लेकीला कडेवर घेऊन ती खिडकीशी पोचली. खिटी गंजलेली. एकदा ओढली, दोनदा ओढली, शेवटी तळहातानं वरून ठोकली, तेव्हा कुठे झडप उघडली आणि दुकानातला रेडिओ सभागृहात घुसला.

"…धाव घेतली, फटका, आणि गोलरक्षकानं उजवीकडे झेपावून अडवला आहे."

पडद्यावर खेळाडू अजून चेंडू पुसत होता.

"खिडकी लावा," महाराज खेकसले. "शक्ती फुटतेय."

"एक, दोन, तीन," सून मोजू लागली. मोठ्यानं, पडद्याकडे बोट दाखवत. दहापर्यंत पुढच्या रांगांनी माना वळवल्या. विसाला कारकून तिच्याबरोबर मोजू लागले. एकतीस. बत्तीस. पडद्यावर गोलरक्षक उजवीकडे झेपावला.

खिडकीबाहेर, दुकानाच्या दाराशी कंगवा घेऊन उभा असलेला न्हावी म्हणाला, "तुमच्याकडे आत्ता अडवला? इंटरनेटवर बघताय वाटतं."

"म्हणजे आता आम्ही सगळेच महाराज?" कारकून कपाळाची धूळ झटकत म्हणाले.

"चेंडूला लाथ एकच बसते," सून म्हणाली. "रेडिओ ती लगेच सांगतो. डिश थोडी मागून. इंटरनेटवर चित्राचे तुकडे करून, साठवून, पुढे धाडतात, म्हणून ते सगळ्यात उशिरा. दोन फोनसुद्धा एका वेळी गोल दाखवत नाहीत. सगळी यंत्रं एका क्षणावर आणायची तर मुद्दाम त्यांची वेळ जुळवावी लागते. इथे ती कुणी जुळवली नाही. हे महाराज त्या फटीत बसून भविष्य सांगतात. फोन काढून घेतले ते यासाठी."

सासूबाई उठल्या आणि टेबलापाशी गेल्या.

"महाराज, एवढ्या उकाड्यात कानटोपी कशाला?"

"आई, ते आमचं व्रत…"

सासूबाईंनी टोपी ओढली. कानात इअरफोनची बोंडं, त्यांची वायर सदऱ्यातल्या रेडिओला, आणि टोपीबरोबर निसटलेल्या एका बोंडातून बारीक आवाजात तोच समालोचक बोलत होता.

ती टोपी त्यांनी टेबलावर टाकली. बाटली उचलून खिडकीशी आल्या. "औषध नव्हे गं," त्या सुनेला म्हणाल्या, "पोरीलाच मोरीत ओतायला निघाले होते मी." मग मापाच्या झाकणात औषध ओतून ते उजेडाकडे धरलं. "पाच एमएल भरले का बघ. माझा चष्मा फोनबरोबर गोणीतच गेला."

पाच बरोबर होते. सहाला तीन मिनिटं कमी होती. दाराची कडी अजून कुणी काढली नव्हती. कारकून आता तिकडे निघाले.

आपल्यापुढे कुणी चमत्कार मांडला, तर हात जोडण्याआधी एक खिडकी उघडून बघावी आणि मोजावं. मोजायला सिद्धी लागत नाही. आणि लेकराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही टेबलावर ठेवू नये.