पेटीतला भरलेला निळा

खुलताबादच्या डोंगराखाली सूर्यभानचा मेंढवाडा. रविवारी सकाळी मेंढरं सोडायच्या बेतात असताना त्याची लेक अपेक्षा पायवाटेनं येताना दिसली. ती शहरात उस्मानपुऱ्याला मामाकडं राहून बारावी झालेली. सोबत तिची मैत्रीण सोनिया, चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणारी. दोघींच्या मध्ये एक जुनी पत्र्याची पेटी, एकेका कडीला एकीचा हात.

"आबा, रंग मिळाले!" पेटी ओट्यावर ठेवत अपेक्षा म्हणाली. "परीक्षेला आता काही घ्यायचं राहिलं नाही."

त्याच कॉलेजात जायला पुढच्या आठवड्यात तिची प्रवेश परीक्षा होती. तिथं रंग, कुंचले, बोर्ड सगळं आपलंच न्यावं लागतं. लोकर विकली की नवीन आणू, असं सूर्यभान म्हणाला होता; पण यंदा लोकरीला कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानं पेटी उघडली. आत अर्ध्या पिळलेल्या नळ्या, रंगानं माखलेल्या बाटल्या, दांडीवरचा रंग उडालेले कुंचले. खाली डागाळलेला बोर्ड. त्याचा चेहरा उतरला.

"कुणाचं हे?"

"मित्रांचं. सगळ्यांनी मिळून जमवलं."

"परत ने."

"आबा!"

"दुसऱ्यानं वापरून टाकलेलं आपण घेत नसतो अप्पे. परीक्षा पुढल्या वर्षी दे. नवं घेऊ, ताठ मानेनं जा."

सोनिया गडबडली. "काका, टाकलेलं नाही हो ते. सच्ची."

बानाबाई चुलीपुढून उठून आली. नवऱ्याकडं न बघता ती लेकीला म्हणाली, "तुझ्या आबाला इचार, साथीत आपला वाडा रिकामा झाला व्हता तवा काय झालं."

ते तर सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. धनगराचा कळप मेला की आसपासच्या प्रत्येक वाड्यातून एकेक मेंढी त्याच्या दारी येते. पैसे नाहीत, उपकार नाहीत. तशाच मेंढ्यांवर सूर्यभानचा वाडा पुन्हा भरला होता.

"ती आपली माणसं व्हती," सूर्यभान म्हणाला.

"ही माझी आहेत," अपेक्षा म्हणाली. आवाज हलका, पण डोळे बापावरून हलले नाहीत.

"बरं. पर त्यात बी एक रीत हाय पोरी. म्हातारी, लंगडी मेंढी द्यायची नसते. ज्यानं दिली, त्याची इज्जत गेली. बघू दे मला, काय दिलंय तुझ्या माणसांनी."

तो मांडी घालून बसला आणि मेंढीचे दात बघावेत तशी एकेक वस्तू उजेडात धरू लागला. कुंचल्याचे केस दोन बोटांत चोळले. "हे कोण्या जनावराचं?"

"नायलॉनचं, काका."

"मेंढीचं का नाय?"

"मेंढीची लोकर पाणी लई पिते, पण टोक धरत नाही," सोनिया म्हणाली. बानाबाई पदराआड हसली. "आमच्या घरात बी एक हाय तसंच, चहा लई पितो, पर बोलण्याला टोक नाय!"

सूर्यभानला हसू आवरावं लागलं. मग त्याच्या हाती निळ्याची नळी आली. जड, गच्च भरलेली, झाकणाचं सीलही न उघडलेली. बाकी सगळ्या अर्ध्या असताना ही अशी कशी?

"ही सार्थकची," सोनिया म्हणाली. "आमच्या वर्गातला. निळा सगळ्यात आधी संपतो. आकाशाला तोच, सावलीला तोच. त्याच्याकडं दोन होत्या, एक संपत आलेली, एक नवी."

"मग नवी का दिली?"

"तो म्हणाला, जुनी नळी ब्लेडनं कापली की आत अजून रंग निघतो. त्याचं त्यावर भागतंय."

सूर्यभाननं ती नळी तळहातावर तोलून पाहिली. स्वतः संपत आलेली ठेवून भरलेली दुसऱ्याच्या वाड्यात पाठवणारं पोरगं त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. मग कुठलं कुणाचं ते विचारत त्यानं प्रत्येक नळी, प्रत्येक बाटली आपल्या पटक्याच्या टोकानं पुसली आणि पेटीत परत नीट लावून ठेवली.

"पेटीला दोरी बांध," तो बानाबाईला म्हणाला. "गाडीवर हलंल."

परीक्षेच्या दिवशी त्यानं स्वतः मोटरसायकल काढली. मांडीवर पेटी आणि पाठीला बोर्ड घेऊन अपेक्षा मागं बसली. दौलताबादच्या घाटात बोर्डात वारा भरून गाडी डुलायला लागली, तसा तो ओरडला, "धर घट्ट! पडलीस तरी चालंल, पेटी पडू देऊ नको!"

कॉलेजच्या फाटकाशी गर्दी. शेजारी एक गृहस्थ मुलाचं कोरं करकरीत किट सांभाळत उभे होते. त्यांनी पत्र्याच्या पेटीकडं पाहिलं आणि सहज म्हणाले, "जुनं सामान चालतं का इथं?"

अपेक्षानं मान खाली घातली. सूर्यभाननं मात्र दोरी सोडून झाकण उघडलं.

"बघा की साहेब. हा निळा सार्थकनं दिला. कुंचले सोनियाचे, माझ्या लेकीच्या मैतरणीचे. बोर्ड राजेंद्र म्हणून एक पोरगा हाय, त्याचा."

"आबा, हळू बोला, सगळे बघतायत," अपेक्षा कुजबुजली.

"बघू दे," म्हणत सूर्यभाननं पुढची नळी उचलली आणि आवाज आणखी चढवला. "आन् हा पिवळा विश्वजीतचा..."