अज्ञान नसलेलं शहर

सकाळी नऊला चष्मेवाला बसमधून उतरला आणि समोरची भलीमोठी पाटी वाचून गालातल्या गालात हसला. 'या शहरात अज्ञान उरलेलं नाही. हुकमावरून, नगरसभा.' वीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा चढवून त्याला एवढं नक्की कळलं होतं, की गिऱ्हाईक 'दिसत नाही' म्हणेपर्यंत नंबर काढता येत नाही.

खरं तर ही हसायची वेळ नव्हती. ताईचं पत्र खिशात होतं. 'धाकट्या, मी आता फार दिवस काढेन असं वाटत नाही. झालं गेलं विसर आणि ये.' झालं होतं काय, तर आईच्या शिलाई मशीनवरून भांडण. मशीन गंजून गेलं, पण सहा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याने फळवाल्याला पत्ता विचारला. फळवाल्याने पत्रावर नजरही न टाकता डावीकडे बोट दाखवलं. डावीकडे निघालं गोदाम. गोदामाच्या पहारेकऱ्याने छाती पुढे काढून त्याला पुलापलीकडे धाडलं. तिथल्या मास्तरांनी तर झकास नकाशाच काढून दिला. त्या नकाशाबरहुकूम तासभर चालून तो पुन्हा फळवाल्यासमोर येऊन उभा राहिला.

"अहो, ठाऊक नव्हतं तर तसं सांगायचं ना!" तो चिडून म्हणाला.

फळवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हळू बोला साहेब," तो कुजबुजला. "चारचौघांत असं काय म्हणता? माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय अजून." आणि लगेच सावरून त्याने उजवीकडे बोट दाखवलं.

शेवटी चष्मेवाल्याने विचारणंच सोडलं आणि एकेक गल्ली पालथी घातली. ताईची खोली सापडली तेव्हा उन्हं कलली होती. आत एक बाई फरशी पुसत होती. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"तुम्ही धाकटे ना?" बाईने ओल्या हातांनीच डोळे टिपले. "मी शेजारची. दुपारीच गेल्या हो त्या. सकाळपासून दाराकडे डोळे लावून होत्या. सारखं विचारायच्या, तो येईल का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"येणार नाहीत म्हटलं." तिने मान खाली घातली. "पत्र जाऊन आठ दिवस झालेले. यायचे असते तर एव्हाना आले असते, असा विचार केला मी. माणूस विचारतंय म्हटल्यावर काहीतरी नक्की सांगायला नको का?"

चष्मेवाला मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. त्याला फळवाल्याचा राग आला, त्या मास्तरांचा आला, पण कुणाचाच फार वेळ टिकला नाही. सहा वर्षं चूक ताईचीच आहे, हे तोही छातीठोकपणे सांगत आला होता. एकदाही त्याला शंका आली नव्हती.

शेजारणीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. शेवटपर्यंत ताईचा हात तिनेच धरला होता. आता विचारायला तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

"जाताना..." त्याने पेला उचलला. "जाताना तिचा माझ्यावर राग होता का?"

"छे हो, अजिबात नाही," ती लगेच म्हणाली.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती नुसती क्षणभर अडखळली असती, तरी त्याने विश्वास ठेवला असता.